कान तुटलेला कप

दोराने बादलीतून पांढऱ्या कार्नेशन्सची जुडी उपसली, देठांचं पाणी झटकलं आणि वर न बघताच म्हणाली,

"या मॅडम. आज उशीर केलात."

पलीकडच्या ठेल्यावरच्या गलीमा मावशीने लगेच पाठ फिरवली आणि आपल्या प्रोटियाच्या फुलांशी खुडबुड सुरू केली. शनिवारी सकाळी मिसेस कॉनराडी आल्या की फुलवाल्यांची सगळी रांग अशीच पाठ फिरवायची. एरवी या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलं तेही लपून राहत नसे. पण ही एक गोष्ट तिथल्या बायकांनी त्रेचाळीस वर्षं पोटात ठेवली होती. मिसेस कॉनराडी म्हणजे लेना, दोराची सख्खी थोरली बहीण.

सप्टेंबर आडनावाच्या त्यांच्या घराण्यात कुणाच्या वाट्याला बंगालचा सावळा रंग येई, कुणाच्या वाट्याला डच मालकाचे घारे डोळे. लेनाला डोळे मिळाले, उजळ कातडी मिळाली आणि कंगवा न अडणारे केसही मिळाले. बाविसाव्या वर्षी ती गोऱ्यांच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली, गोऱ्याशी लग्न केलं आणि कागदोपत्री गोरी झाली. दोरा तेव्हा अठरा वर्षांची होती. "गावात दिसलीस तर ओळख दाखवायची नाही," हे आईनेच ठरवून दिलं. गोऱ्या-बिगरगोऱ्यांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती; कुणी कागद उकरले असते तर पोरीचा संसार मोडला असता. मग लेना दर शनिवारी आईच्या ठेल्यावर गिऱ्हाईक म्हणून येऊ लागली. आई तिला मॅडम म्हणे आणि जुडी बांधताना अंगणातल्या जाईची एक डहाळी हळूच मधोमध खोची. सरकारने बिगरगोऱ्यांची ती वस्ती पाडली तेव्हा आईने ती जाई डब्यात घालून शहराबाहेरच्या नव्या घरी नेली, आणि लेनाला एवढंच सांगितलं, "आम्ही आता लांब राहतो, मॅडम. हॅनोव्हर पार्कला." आई गेल्यावर जुड्या दोरा बांधू लागली. डहाळी चुकली नाही.

मग वर्णभेदाचे कायदे गेले, मतदानाला सगळे एका रांगेत उभे राहिले. त्याला आता चार वर्षं झाली होती. मतदानानंतरच्या पहिल्या शनिवारी लेना नावाने हाक मारील म्हणून दोराने त्या दिवशी नवा एप्रन घातला होता. लेना आली आणि म्हणाली, "पांढरी कार्नेशन्स आहेत का?" दोराने ती काढून दिली.

आज मात्र तिच्याबरोबर एक मुलगी होती, एकोणीसेक वर्षांची, काखेत वही.

"ही माझी नात, इल्सा," मिसेस कॉनराडी म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात आम्ही सगळे ऑस्ट्रेलियाला चाललोय. मुलाने तिकडे नोकरी घेतलीय."

"कायमचं?"

"आता हे गेल्यावर इथे माझं कोण आहे?"

दोराच्या हातातली गाठ सुटली. लेनाचा नवरा गेल्याचं तिला मागच्याच हिवाळ्यात कळलं होतं, लेनाने काळी रिबीन मागितली तेव्हा. आता दोराला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. इथे कोण आहे म्हणे!

"मग फुलं कुठून घ्याल, मॅडम?"

"तिकडेही मिळत असतील."

"मिळतील की. फुलं काय, कुठेही मिळतात."

इल्सा ठेल्यावरची पाटी वाचत होती. ती आईने रंगवून घेतली होती, दोरा शाळेत असताना. 'काट्रीन सप्टेंबर आणि मुली.'

"मावशी, म्हणजे तुम्ही कितीजणी?"

"दोघी."

"दुसऱ्या कुठे असतात?"

"लांब राहते ती," दोरा म्हणाली. "सवड मिळत नाही तिला."

मिसेस कॉनराडींनी पर्सची कडी उघडली आणि पुन्हा लावली.

"सप्टेंबर हे गुलामांचं आडनाव ना? मी साहित्य शिकते," इल्सा वही उघडत म्हणाली. "गुलामगिरीवरच्या कादंबऱ्यांवर निबंध लिहितेय. पण त्यांतल्या त्या बायका नुसत्या दाराआड उभ्या असतात. ट्रे घेऊन. बोलतच नाहीत. सर म्हणाले, ज्यांच्या घरात गोष्टी आहेत त्यांना विचार. तुम्ही सांगाल?"

"इल्सा, त्यांना कामं असतात," आजी म्हणाली.

"कसली कामं," दोरा म्हणाली. "लिही. आमची रोसा. आईच्या पणजीची आई. बंगालहून जहाजात घालून आणली. सप्टेंबरात विकली म्हणून ते आडनाव. वीस वर्षं मालकाच्या घरी शिवण केलं, त्याची तीन पोरं जन्माला घातली. ती पोरं जेवणाच्या टेबलाशी उभी राहून बापाला वाढायची."

इल्सा भराभर लिहीत होती.

"सुटकेचा दिवस उजाडला तेव्हा कुणी भांडी उचलली, कुणी घोंगडी. आणि रोसाने..."

दोरा थांबली. शुक्रवारी संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर जुड्या बांधताना आई दोघींना ही गोष्ट सांगायला लावायची. पायऱ्यांवर पाणी सांडलेलं असे, खालून तळलेल्या माशांचा वास येई. दोरा आठ वर्षांची, हमखास घोटाळे करायची. आणि बारा वर्षांच्या लेनाला ते मुळीच सोसायचं नाही. "चूक! परत सांग!" म्हणून ती दंडाला चिमटा काढायची, आणि आई दातांत सुतळी धरून हसायची. दोराला त्या चिमट्याची जागासुद्धा आठवत होती.

"रोसाने गुलाबाचं कलम घेतलं," ती म्हणाली.

गलीमा मावशीची मान गर्रकन वळली. "अगं..." तिने तोंड उघडलं, दोराकडे पाहिलं आणि मिटलं.

मिसेस कॉनराडींची बोटं पर्सवर आवळली.

"चांदीच्या पेल्यात लावलं," दोरा शांतपणे सांगत होती. "मालकीणबाईंनीच दिला तो पेला. फार माया त्यांची. निघताना म्हणाल्या, रोसा, ही आमची आठवण..."

"चूक!"

इल्साचं पेन थांबलं.

"पेला कसला डोंबलाचा!" लेना म्हणाली. आवाज कचेरीतला नव्हता, त्या पायऱ्यांवरचा होता. "कप होता. कान तुटलेला, कचऱ्यात फेकलेला. तो कुणी दिला नाही तिला, तिने उचलला. आणि गुलाब कुठला? जाई होती, जाई! किती वेळा सांगायचं तुला, दोरा? एक गोष्ट म्हणून धड सांगता येत नाही."

बोलून झाल्यावर तिने हात तोंडाशी नेला.

इल्साने आजीच्या हातातल्या जुडीकडे पाहिलं. पांढऱ्या कार्नेशन्सच्या मधून ती डहाळी डोकावत होती. अशाच डहाळ्या तिने घरी जेवणाच्या टेबलावर लहानपणापासून पाहिल्या होत्या.

"ओमा?" ती आजीला हळूच म्हणाली.

दोराने आईची बादली उपडी केली, एप्रनने पुसली आणि पुढे सरकवली.

"मग तूच सांग. मला मेलीला कुठे येतं."

महागडा कोट सावरत लेना त्या ओल्या बादलीवर बसली.

"लिही," ती नातीला म्हणाली. "रोसा हे नाव जहाजावर दिलेलं. तिचं खरं नाव आम्हालाही ठाऊक नाही. आधी ते लिही."

इल्साने 'आम्हालाही' लिहिलं आणि पेन तिथेच ठेवलं.

"जाई अजून आहे ना दाराशी?" लेनाने विचारलं. मान वर न करता.

"छपरावर चढलीय."

"हॅनोव्हर पार्कची बस किती वाजता असते?"

दोरा एप्रनची गाठ सोडू लागली. गलीमा मावशी एव्हाना पुरती वळून उभी होती.

"साडेबाराला," ती म्हणाली. "चहा घेऊन जा, लेना."