अजून अर्धा अंश

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कापणीच्या खोलीतला एसी बंद पडला. यंत्रावर लेझरसाठीचा स्फटिक होता, वरची बाजू अर्धी तासून झालेली.

स्फटिक तळहाताएवढा. भावोजींनी तो टाकीतल्या द्रावणात आठ महिने वाढवला होता. आधीचा तडकला होता. पाणी लागलं तर तो खडीसाखरेसारखा विरघळतो, नुसत्या हाताच्या उबेनंही त्याला तडा जाऊ शकतो. म्हणून तो तासायचं काम कारखान्यात एकटी त्यांची वहिनी करते, हिऱ्याच्या टोकानं, कोरडं.

तिनं यंत्र थांबवलं, स्फटिकावर काचेचं झाकण ठेवलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

"मी कोपऱ्यात उभा राहतो ना," भावोजी म्हणाले.

"तुम्ही म्हणजे चालतीबोलती शेगडी. व्हा बाहेर."

दार लागलं. दाराच्या काचेतून तापमापक दिसत होता. आकडा हळूहळू दीड अंश चढला आणि थांबला.

मेकॅनिक धापा टाकत आला. बिघाड मागच्या भिंतीवरच्या पेटीत निघाला. जळालेला भाग त्यानं बाहेरूनच बदलला.

"झालं! पाच मिनिटांत खोली गारेगार." त्याचा हात बटणाकडे गेला.

"खबरदार!" वहिनी म्हणाली. "एकदम गार वारा लागला की संपलाच तो. उन्हं कलली की आकडा आपसूक पहिल्या जागी उतरेल. मग दार उघडू, एसी लावू."

"मग मला धावत कशाला बोलावलंत?"

"तुमचा व्यायाम व्हावा म्हणून. बसा, चहा घ्या."

तिघं पायरीवर बसले.

"वहिनी, तडा गेला तर पुन्हा आठ महिने," भावोजी म्हणाले.

"आणि नाही गेला तर?"

"तर तुम्हाला सोन्याचं कडं."

"कडं नको. पुढचा जरा मोठा वाढवा, हात आखडतो माझा."

कामाच्या दिवशी भरदुपारी असं पाय पसरून बसणं भावोजींना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कपानंतर ते मेकॅनिकच्या विनोदांनाही हसू लागले.

साडेचार वाजलेत. आकडा एक अंश उतरला आहे. स्फटिकावर बारीक रेघ दिसते आहे. यंत्र मध्येच थांबलं की हिऱ्याची रेघ उठतेच. पुढच्या फेरीत ती निघते. तडा निघत नाही. दाराच्या काचेतून दोन्ही सारखेच दिसतात.

दार उघडायला अजून अर्धा अंश बाकी आहे.