दिवा लागला नाही त्या दुपारी

मित्रांनो, माझं नाव लॅरिंगोस्कोप. उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून अपघात विभागात सगळे मला नुसतं 'स्कोप' म्हणतात. मुठीत मावेल असा दांडा, त्यात दोन सेल, पुढे वाकडं पोलादी पातं आणि पात्यावर इवलासा दिवा. ज्याचा श्वास अडतो त्याच्या घशात मी उजेड पाडायचा आणि त्या उजेडात डॉक्टरांनी श्वासाची नळी आत घालायची, एवढंच माझं काम.

अकरा वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. मोठ्या सिस्टर रोज सकाळी मला खणातून काढत, दिवा लावून बघत, मगच वहीत खूण करत. पुढे त्या निवृत्त झाल्या. वहीत खूण रोज होत राहिली. खण मात्र कुणी उघडेनासं झालं.

एका दुपारी पत्रे बसवणारा एक कारागीर छपरावरून पडला. त्याचे सोबती शहाणे. त्यांनी त्याला उठवून बसवलं नाही, पाणी पाजलं नाही. फळीवर सरळ निजवून, मान जराही न हलवता आणलं. तो शुद्धीवर होता. धाकटी बहीण धापा टाकत आली, तेव्हा तो म्हणाला, "रडतेस काय वेडे? आईला एवढ्यात कळवू नकोस."

पण पडताना तुळईचा मार गळ्यावर बसला होता. बघता बघता त्याचा आवाज घोगरा झाला. "घशात काहीतरी अडकतंय," एवढं बोलून तो श्वासासाठी तडफडू लागला.

"मामा, डोकं धरा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मान मोडलेली असू शकते. तसूभरही हलता कामा नये."

वॉर्डातल्या म्हाताऱ्या मामांनी त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. मानेला आधार म्हणून बांधलेला गळपट्टा पुढून सोडला. बाईंनी मला उघडलं. माझा दिवा पिवळट लुकलुकला आणि विझला.

"सेल द्या! लवकर!"

खणात सेल नव्हते. एक सिस्टर दुसरा स्कोप आणायला वरच्या मजल्यावर धावली. बाई मास्क दाबून हवा देत होत्या, पण सुजलेल्या घशातून ती आत जाईना. अखेर त्यांनी गळ्याला छेद देऊन नळी घातली. श्वास आत गेला, पण तोवर हृदय थांबलं होतं. अर्धा तास सगळ्यांनी जिवाचं रान केलं.

"मामा, सोडा आता," बाई हळूच म्हणाल्या.

"मान हलेल हो, बाई," मामा म्हणाले. त्यांचे हात निघेनात.

बाई स्वतः बाहेर गेल्या. बहिणीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आमचा दिवा ऐनवेळी लागला नाही. चूक आमची आहे."

"आत्ता तर बोलत होता," ती म्हणाली. "आता आईला काय सांगू?"



त्याच संध्याकाळी माझ्यात नवे सेल घातले. लख्ख उजेड पडला. तो पाहून मामा तोंड फिरवून निघून गेले.

मित्रांनो, तुमच्यावर जे सोपवलेलं असेल ते हातात घ्या, चालवून बघा आणि मगच खूण करा. माझ्यातला जीव संपत आलाय, हे मला ओरडून सांगता येत नाही हो.