पाच बोटं खाली

ओनिताला दिवसाकाठी वीस मिनिटं मिळायची, तीही सलग नाहीत. दुपारी तिची लेक जूनी झोपली की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची, कोपऱ्यातला डबल बेस, माणसाहून उंच असं ते तारांचं वाद्य, उभा करायची आणि निळं पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची. जॅझ बेसच्या सरावाचे दीडशे तुकडे होते त्यात, एकेक जेमतेम दोन आवर्तनांचा. तुकडा हातात बसला की ती पेन्सिलीनं खूण करायची. अकरा महिन्यांच्या पोरीला सांभाळून एकशे बारा खुणा झाल्या होत्या, आणि बाटल्या धुताना, लंगोट घड्या करताना तो आकडा ती मनातल्या मनात म्हणायची.

प्रत्येक तुकड्याखाली बारीक अक्षरांत एकच ओळ होती : आता हेच बाराही पट्ट्यांत. ती ओळ ओनितानं वाचली नव्हती असं नाही. नंतर करू म्हणून ठेवली होती, इस्त्रीचे कपडे ठेवले होते तशी.

"या घरात तीन बायका," कारखान्यातून आला की रेनार्ड, तिचा नवरा, म्हणायचा, "आणि त्यातली सगळ्यात जाडी माझ्या खुर्चीच्या जागेवर उभी!"

"तिला भूक नाही लागत, हे बघ आधी," ओनिता म्हणायची.

पण त्या आठवड्यात तिला थट्टा सुचत नव्हती. डेट्रॉइटच्या पूर्वेकडे, न्हाव्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी चर्च सुटलं की मंडळी वाजवायला जमत. तिथला म्हातारा बेसवाला लेकीकडे जॉर्जियाला राहायला गेला आणि त्याची जागा रिकामी झाली. ड्रम वाजवणारे मिस्टर ल्यूशस तिथले कर्तेधर्ते. ते म्हणाले होते, "या रविवारी ये. निभावलंस तर जागा तुझी. नाहीतर मी दुसरं कुणीतरी बघतो."

रविवारी तिनं जूनीला रेनार्डच्या हातात दिलं, परत घेतलं, परत दिलं. गाडीत बेसची मान दोन खुर्च्यांच्या मधून पुढे आली होती. लाल दिव्याशी ती तिच्यावर बोटं फिरवत बसली ती मागच्या गाडीनं भोंगा वाजवेपर्यंत.

हॉलमध्ये तळलेल्या माशांचा वास होता आणि चर्चमधल्या टोप्या अजून डोक्यांवरच होत्या. पहिली दोन गाणी सोपी निघाली. मग मिस व्हर्डेल उठल्या. वय अडुसष्ट, जांभळी टोपी, इथल्या प्रत्येकाच्या लग्नात नाहीतर मयतीत गायलेल्या. त्यांनी पियानोवाल्याला गाण्याचं नाव सांगितलं आणि उजवा हात स्कर्टाशेजारी खाली सोडला. पाच बोटं, जमिनीकडे.

इथे पट्टी कुणी तोंडानं सांगत नाही. जितके कोमल सूर, तितकी बोटं खाली. ओनितानं हेच गाणं घरी बसवलं होतं, पण एका बोटाच्या पट्टीत. तिथे बेसच्या चारही मोकळ्या, न दाबता वाजणाऱ्या तारा कामाला येतात. पाचांत एकही नाही.

सगळे आपल्याचकडे बघतायत असं ओनिताला वाटलं. तिनं मान वर न करता एक बोट खाली धरलं.

मिस व्हर्डेलनी त्या बोटाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "चालेल, बाळा," त्या म्हणाल्या. "तुझ्या पट्टीत."

आणि काय वाजवलं ओनितानं! तिसावा तुकडा, बावन्नावा, एकशे चारावा, एकामागून एक हाताला येत गेले. गाणं मधल्या चढावर आलं. मिस व्हर्डेलनी श्वास भरला, वरच्या सुराला हात घातला, आणि आवाज मधोमध फाटला.

"सावकाश, मिस व्हर्डेल!" मागून कुणीतरी म्हणालं.

"सावकाश घ्या. आम्ही आहोत ना," आणखी कुणी म्हणालं.

त्यांनी उरलेलं गाणं निम्मं बोलून, निम्मं गाऊन संपवलं. टाळ्या पडल्या. मिस्टर ल्यूशस काठ्या बगलेत मारून जवळ आले. "हात चांगला आहे पोरी तुझा. जागा तुझी."

हेच ऐकायला ती आली होती. ते आता कानात खड्यासारखं बसलं.

मिस व्हर्डेल खिडकीशी बसून मध घातलेलं गरम पाणी पीत होत्या. ओनिता समोर जाऊन उभी राहिली. "माझ्यामुळे झालं ते. मला तुमची पट्टी येत नव्हती."

"ते तुझ्या बोटावरूनच कळलं मला."

"मग हो का म्हणालात?"

"तू घाबरली होतीस. आणि मला वाटलं, अजून जमेल." त्यांनी पेला खाली ठेवला. "पूर्वी मी त्याच पट्टीत गायचे गं. तिसऱ्या मुलानंतर दोन पायऱ्या खाली आले, साठीनंतर आणखी दोन. चाळीस वर्षं लागली मला इतकं उतरायला. तू एका दुपारी परत वर नेऊन उभं केलंस."

ओनितानं बाहीनं डोळे पुसले.

"रडू नकोस, माझी टोपी भिजेल," मिस व्हर्डेल म्हणाल्या. "पुढच्या रविवारी हेच गाणं. पण माझ्या पट्टीत यायचंस, तुझ्या नव्हे."

घरी रेनार्ड जूनीला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होता. "मिळाली जागा?"

"मिळाली."

"मग चेहरा असा का?"

"पुढच्या रविवारी परत मिळवायचीय."

जूनीचा डोळा नुकता लागत होता. ओनितानं कोट न काढताच स्वयंपाकघराचं दार लोटलं, पिठाचा डबा ओढला आणि पुस्तक उघडलं, पहिल्या पानावर. पहिलाच तुकडा, पाच कोमल सुरांत. करंगळी घसरली, तार खरखरली. पुन्हा. पुन्हा खरखर. दाराबाहेर जूनी कुरकुरली, रेनार्डची पावलं थांबली, मग पुन्हा सुरू झाली. ओनितानं करंगळी पँटला पुसली आणि तोच सूर परत दाबला.