पंपघराचे दगड

गणूने दगडांवर नंबर टाकले ते खडूने. "रंगाने टाका," असं साइटच्या इंजिनिअर विभावरी मॅडम दोनदा सांगून गेल्या होत्या. पण राजापूरच्या गवंड्याची अक्कल आडवी आली ना! म्हणे, चांगल्या दगडाच्या तोंडाला रंग फासायचा कशाला?

दुबईजवळच्या उम्म अल कुवैनचं ते जुनं दगडी पंपघर. खोली इवलीशी, पण एके काळी साऱ्या वस्तीला गोडं पाणी इथूनच जायचं. आता रस्ता रुंद होणार, म्हणून दगड न् दगड सोडवून ते शंभर पावलांवर जसंच्या तसं उभं करायचं होतं. चारशे बारा दगड सुटले, वाळूत मांडून ठेवले. आणि त्याच रात्री समुद्रावरून असं काही ओलंचिंब धुकं आलं की दगडांवरून पाणी ओघळलं, सकाळी एकाही दगडावर नंबर नाही!

"खलास, गणूभाऊ!" मॅडम कधी आवाज चढवत नसत, आज चढला. "ऑफिसचे फोटो लांबून काढलेत, त्यात काही कळत नाही. हे उभं राहिलं नाही तर तुम्हाला घरी पाठवतील. मी नाही वाचवू शकणार."

गणूने दोन-चार दगड उलटेपालटे करून पाहिले, खडूचा ठिपकाही नाही. बावीस वर्षं गल्फमध्ये काढली ती काय, काम बिघडवलं म्हणून परत जायला? गावात तोंड कुठं दाखवायचं?

तेवढ्यात त्याला आठवलं. भिंत सोडवायच्या आधी एकेका ओळीचा फोटो, नंबरासकट, तो बायकोला धाडायचा. फुशारकी, दुसरं काय! त्याच्या फोनमधले त्याने कधीच पुसले होते, जागाच नव्हती. आणि मुक्ताबाई तर रोज वैतागायची, "अहो, दगड कसले धाडता? तोंड दाखवा."

त्याने फोन लावला. "अगं, ते दगडांचे फोटो... पुसलेस का गं?"

"पुसू कशाला? तुम्ही दिसत नाही, तर तुमचा हात लागलेले दगड तरी बघते."

फोटो येऊ लागले. एक, चार, सदतीस. नंबर अगदी स्वच्छ, आणि कुठला दगड कुठला ते ओळखायला टवका न् टवका दिसत होता! गणू तिथेच वाळूत बसला आणि ढसाढसा रडला. मॅडमनी फोटो पाहून हुश्श केलं आणि रंगाचा डबा त्याच्यापुढे ठेवला. आता त्याने मुकाट्याने दगडांच्या पाठीवर नंबर रंगवले.

तीन आठवड्यांनी पंपघर उभं राहिलं, एकही दगड इकडचा तिकडे नाही. गणूने पहिल्यांदाच कॅमेरा स्वतःकडे वळवला, पंपघरासमोर दात काढून उभा राहिला आणि फोटो धाडला.

लगेच मुक्ताबाईचं उत्तर आलं, "जरा बाजूला व्हा. भिंत दिसत नाही."