उतू जाणारं पेट्रोल

मास्तरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. उजवा हात लुळा पडला होता आणि शब्दांची तर पार गल्लत झाली होती. चष्मा हवा असला की ते चमचा मागत आणि कुणी खरंच चमचा आणून दिला की कपाळावर हात मारून घेत. ज्या माणसाने अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवली, तो आता शेडच्या दारात खुर्ची टाकून आपल्या जुन्या गाडीकडे नुसता बघत बसे.

त्यांची बायको शिवणकाम करायची. गावात सगळे तिला टेलरबाई म्हणत. दिवसभर मशीनवर शाळेचे गणवेश शिवायचे आणि मध्येच उठून मास्तरांचा हात चोळून द्यायचा, असा बाईंचा क्रम होता. डॉक्टर म्हणाले होते, "यांना जरा बाहेर काढा, चार माणसं दिसू द्या." बाईंनी मनाशी ठरवलं, बाहेर काढायचं तर यांच्याच गाडीतून. गाडी चालवायला त्या मास्तरांकडूनच शिकल्या होत्या. अडचण एकच होती. गाडीचा पेट्रोल ओढणारा पंप केव्हाच निकामी झाला होता.

बाईंचा धाकटा भाऊ बापू पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. ताईने शब्द टाकायचा अवकाश, तो दुसऱ्याच दिवशी विजेवर चालणारा नवाकोरा पंप घेऊन हजर झाला. दुपारपर्यंत बसवूनही झाला.

"ताई, असला दणकट पंप आहे ना, पेट्रोल तिसऱ्या मजल्यावर चढवेल!"

"अरे, आपल्याला रस्त्यावर जायचंय, गच्चीवर नाही."

गाडी सुरू झाली खरी. पण लगेच भकभक काळा धूर सोडायला लागली, दोन आचके दिले आणि गप्प झाली. शेडभर पेट्रोलचा भपकारा सुटला. बापूने प्लग काढून पाहिले तर चिंब ओले. पुसून परत बसवले, पुन्हा तीच गत.

तेवढ्यात मास्तर खुर्चीतून ओरडले, "दूध! दूध!"

"भाऊजींना चहा हवाय वाटतं," बापू म्हणाला.

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली. डाव्या हाताने आधी बॉनेटकडे बोट केलं, मग तळवा खालून हळूहळू वर उचलला आणि बोटं बाहेरच्या बाजूला पसरली. बाई क्षणभर बघत राहिल्या आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"चहा नाही रे! उतू जातंय म्हणतायत. पेट्रोल उतू जातंय कुठेतरी!"

मास्तरांनी डोळे मिटले. कुणीतरी आपलं बोलणं समजून घेतल्याचं ते समाधान बाईंनी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

बापूने आधी बॅटरीची वायर सोडली, मग एअर फिल्टर उतरवला. कार्बोरेटरला पेट्रोलची एक छोटी वाटी असते. वाटी भरली की आतली सुई पेट्रोल आत यायचं तोंड बंद करते आणि वाटीतली हवा जायला वर एक बारीक नळी असते. त्या हवेच्या नळीतूनच पेट्रोल टपटपत होतं. नवा पंप इतका रेटा देत होता की सुईचं काही चालतच नव्हतं.

"म्हणजे माझ्या मशीनवर दोरा जास्त ताणला तर तुटतो, तसंच हे," बाई म्हणाल्या. "जोर जरा कमी करता येईल का?"

"येतो की, पण किती ठेवायचा?"

मास्तरांनी दोन बोटं वर केली. मग तिसरं बोट अर्धंच उचलून धरलं.

बापूने प्रेशर मोजायचा काटा जोडला. काटा सातावर! त्याने जीभ चावली, सायकल काढली आणि बाजारातून पंपाचा जोर आवरणारा रेग्युलेटर घेऊन आला. तो बसवून काटा अडीचवर आणला तेव्हा कुठे गाडी एका लयीत गुरगुरायला लागली. मास्तर डावा हात गुडघ्यावर आपटत राहिले, टाळी वाजवल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं तळ्याकडे निघाले. बाई स्टिअरिंगवर, शेजारी मास्तर, मागे हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बापू. गावाबाहेरच्या चढाला गाडी गचके खाऊ लागली आणि बंद पडली. बापूने बॉनेट उघडलं. काटा शून्यावर आला होता.

"गेला पंप," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

मास्तरांनी बाईंच्या दंडावर थोपटलं, मागच्या टाकीकडे बोट केलं आणि गाल फुगवून म्हणाले, "श्वास... श्वास."

बाई उतरल्या आणि टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत शिरली. पंधरवड्यापूर्वी जुनं झाकण गंजलं म्हणून त्यांनीच हौसेने नवं चकचकीत झाकण आणलं होतं. जुन्याला बारीक भोक होतं, याला नव्हतं. पेट्रोल बाहेर जाणार, पण त्याच्या जागी हवा यायला वाटच नाही, मग बिचारा पंप ओढणार तरी काय?

"बघ बाबा, चुकणारा तूच एकटा नाहीस," त्या बापूला म्हणाल्या. झाकण अर्धा आटा सैल ठेवलं आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

चढाच्या माथ्यावर बाईंनी गिअर बदलला तो खर्रकन आवाज करत.

"क्लच पूर्ण दाब! अर्धा नाही, पूर्ण!"

शब्द स्वच्छ, एकही अडखळा नाही. आवाज अगदी शिकवणी घेतानाचा. बाईंना समोरचं दिसेना. त्यांनी गाडी हळूच कडेला घेतली.

"अहो, परत बोला ना."

मास्तरांनी तोंड उघडलं, पण भलताच शब्द बाहेर पडला आणि आधी तेच हसले. मग बाई हसल्या, पदराने डोळे पुसत.

"बापू, तुझे उपकार कसे फेडू रे?"

"कसले उपकार, ताई? चांगली उभी होती गाडी, मीच हात घालून बिघडवली."

"नुसतीच उभी होती ना! आणि सुरळीत चालली असती तर हे काही बोलले असते का?"

मास्तरांनी मान न वळवता डावा हात मागे नेला आणि बापूचा गुडघा घट्ट धरून ठेवला. खाली तळ्याचं पाणी उन्हात चमकत होतं. बाईंनी क्लच पूर्ण दाबला.