माझ्या जबड्यातली उजेडाची रेघ

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी जुना झालो आहे आणि मला तोंड पूर्ण मिटता येत नाही.

मी व्हर्निअर कॅलिपर. विज्ञानाच्या पुस्तकात माझं चित्र तुम्ही पाहिलं असेल. एक लांब पोलादी पट्टी, तिच्यावर बारीक बारीक रेघा आणि एका टोकाला दोन जबडे. जबड्यांत वस्तू धरायची आणि रेघांवरून तिची जाडी वाचायची, एवढंच माझं काम. तुम्हाला माणसं चेहऱ्यावरून आठवतात, मला जाडीवरून. सायकलच्या चाकाची तार दोन मिलिमीटर, फळ्यावरचा खडू दहा. दुधावरची साय मात्र अजून कुणी मला मोजू दिलेली नाही.

मी कुठे घडलो ते धूसर आठवतं. आधी भट्टीची धग, मग तेलाचा वास, मग एका डबीतला काळोख. डबी उघडली तेव्हा मी रांजणगावच्या एका कंपनीत होतो. तिथे माझा थाट काय वर्णावा! मऊ कापडाने पुसल्याशिवाय मला कुणी हात लावत नसे. सुट्या भागाच्या मापावरून वाद झाला की साहेब म्हणायचे, "कॅलिपर आणा. तो खोटं बोलत न्हाई." हे ऐकून मी पट्टीभर ताठ व्हायचो.

मग शितल आली. न्हावऱ्याची मुलगी, नुकतीच शिकाऊ म्हणून लागलेली, सकाळच्या एसटीने धावतपळत येणारी. पहिल्याच आठवड्यात भीतीने तिच्या हाताला घाम फुटला आणि मी निसटलो. खाली सिमेंटची फरशी होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं, पुसलं आणि गुपचूप जागेवर ठेवलं. माझ्या एका जबड्याच्या कडेला बारीकसा उंचवटा आला होता. तेव्हापासून तोंड मिटलं तरी जबड्यांच्या मधून उजेडाची एक रेघ दिसते. शून्यावर यायला हवं तिथे मी ०.१० वर थांबतो. म्हणजे मी दाखवीन ते प्रत्येक माप पॉइंट दहाने जास्त.

वर्षाच्या तपासणीत माझ्या पाठीवर लाल चिकटपट्टी लागली, 'नापास'. साहेबांनी सगळ्यांना विचारलं, "कुणी पाडला?" सगळे गप्प राहिले. शितलही गप्प राहिली. मात्र मी भंगारात निघालो तेव्हा ती पुढे आली. "सायेब, फेकण्यापरीस मी नेऊ का घरी? शिकायला व्हईल."

दर रविवारी ती मला काढायची. पोळपाट, बांगड्या, नळाची तोटी, जे सापडेल ते मोजायची आणि मनातल्या मनात पॉइंट दहा वजा करायची. हळूहळू ते वजा करणं तिच्या इतकं अंगवळणी पडलं, की आपण काही वजा करतो हेही ती विसरली. पुढे ती तपासनीस झाली, स्कूटीवरून कामाला जाऊ लागली. मी कपाटात गेलो.

कपाटातली वर्षं मला स्वप्नासारखी वाटतात. फटीतून येणारा कवडसा सकाळी माझ्या डबीवरून सरकत जायचा आणि मी पडल्या पडल्या मापं घ्यायचो. उसाच्या पात्याची धार किती? घोडनदीवरच्या धुक्याचा थर किती? चतुराचा पंख जबड्यात धरला तर त्याला दुखणार नाही असं किती हलकं धरावं लागेल? कुणाला माझी गरज नव्हती, म्हणून मी जगातलं सगळं मोजून ठेवत होतो. खरं सांगतो, एकटं वाटायचं.

गेल्या वर्षी जूनमध्ये कपाट उघडलं. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी एक नवी गोष्ट सुरू केली होती. लांबून पाहुणा बोलवायचा, शाल-श्रीफळ द्यायचं, भाषण ऐकायचं आणि टाळ्या वाजवून घरी जायचं, हे त्यांना पुरे झालं होतं. आता गावातल्याच माणसांनी दर शनिवारी चार-पाच मुलांसोबत बसायचं, तेही वर्षभर. रोपवाटिका चालवणाऱ्या तानुबाई रोपांचे ट्रे घेऊन आल्या. वायरमन संपतमामा पान्हे घेऊन आले. शितलच्या वाट्याला नववीच्या पाच मुली आल्या.

सर तिला म्हणाले होते, "मुलांना प्रेरणा मिळेल असंच बोला." म्हणून पहिल्या शनिवारच्या आधी तिने नखाने माझी लाल चिकटपट्टी खरवडून काढली. नापास हत्यार शाळेत कसं न्यायचं? मुलींना तिने जिद्द सांगितली, एसटी सांगितली, बढती सांगितली. फरशी सांगितली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मीही मनात म्हटलं. इतक्या वर्षांनी पाच जोडी डोळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मला ते सोडवेना.

त्या पाचांत हर्षदा होती. "मला डोकं न्हाई, ताई," हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पण मित्रांनो, तिच्यासारखा हात मी कंपनीतही पाहिला नाही. ती मला इतकं हलकं धरायची की कपाटातल्या स्वप्नातला तो चतुर आठवावा. बाकीच्या मुली "साडेसात असंल" असं म्हणून मोकळ्या व्हायच्या. हर्षदा एक डोळा मिटून रेघेला रेघ जुळवायची आणि मी दाखवत होतो तेच, अगदी तेच वाचायची.

"सात पॉइंट तीस, ताई."

शितल मला हातात घ्यायची, बघायची आणि सवयीने वजा करून म्हणायची, "सात पॉइंट वीस. नीट बघ गं."

वहीत लाल फुली पडायची. अंदाजे सांगणाऱ्यांना 'जवळपास बरोबर' आणि जी खरं वाचते तिला फुली. मी आतल्या आत ओरडत होतो, पोरगी बरोबर आहे, चूक माझी आहे! पण पोलादाला गळा कुठला? आणि शनिवार सरला की, खोटं कशाला बोलू, मीही ते विसरून डबीत स्वप्नं बघत पडायचो.

अशा बारा फुल्या झाल्या. डिसेंबरात हर्षदा यायची थांबली. तिसऱ्या शनिवारी तिची मैत्रीण पिंकी म्हणाली, "ती न्हाई येनार, ताई. नववी झाली की खुटबावला मावशीकडं जानार हाय, फुलं तोडायला. म्हनती, मला रेघाबी धड दिसत न्हाईत, दहावी काय व्हनार?"

फुलं तोडण्यात वाईट काही नाही. पण तिला फुलं हवी होती म्हणून ती जात नव्हती. स्वतःला नापास ठरवून जात होती.

शितलने तिची वही उघडली. पहिली फुली पाहिली, दुसरी पाहिली, मग बोटाने खाली खाली जात राहिली. बाराही ठिकाणी फरक पॉइंट दहाचा. अंदाजाने चुकणारी मुलगी प्रत्येक वेळी एकाच मापाने चुकत नसते. शितलने मला उचललं, खिडकीशी नेलं, माझं तोंड मिटवलं आणि मधून येणारी उजेडाची रेघ पाहिली. तिच्या हाताला पुन्हा घाम आला होता. या वेळी तिने मला घट्ट धरलं.

हर्षदा रानात होती, आईबरोबर कांद्याची रोपं लावत. तिची आई, सविता, वाफ्यातूनच म्हणाली, "आमी सांगून दमलो, बाई. तिलाच नगं म्हनल्यावर वढून का न्यायची?"

शितल चपला काढून चिखलात उतरली. मला हर्षदाच्या हातात देऊन म्हणाली, "काही मोजू नको. नुसतं तोंड मिटव आन् वाच."

हर्षदाने ओढणीला हात पुसले. एक डोळा मिटला. "शून्य... न्हाई, ताई. पॉइंट दहा दावतंय." तिने पुन्हा तोंड मिटवून पाहिलं. "म्हंजी हे आधीपास्नंच असंय?"

"अकरा वर्षं झाली. माझ्या हातनं पडला व्हता. मी कुणाला बोलले न्हाई."

"मग माझ्या बारा फुल्या?"

"बाराच्या बारा चूक. माझ्या."

हर्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही. "मी रोज आरशात डोळं बघत व्हते, ताई. म्हनलं, डोळ्यातच कायतरी खोट हाय माझ्या."

शितल आणखी एक पाऊल तिच्याजवळ सरकली. ती म्हणाली, "चुकलं माझं. लाजले मी." एवढंच म्हणाली. सविता रोपांची जुडी हातात धरून दोघींकडे बघत राहिली. दंडाने डोळे पुसून हर्षदाने खाली वाकून कांद्याचं एक रोप उचललं आणि माझ्या जबड्यात हलकेच धरलं.

"चार पॉइंट साठ," ती पुटपुटली. "म्हंजी खरं चार पॉइंट पन्नास."

पुढच्या शनिवारी शितलने सगळ्या मुलींसमोर फरशीची गोष्ट सांगितली. मुख्याध्यापक दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, आता रागावतील. ते घसा खाकरून म्हणाले, "मी पण दहावीला गणितात एकदा नापास झालो होतो. सांगायचं राहून गेलं." मुली इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून संपतमामा डोकावले.

हर्षदाने आपल्या वहीतल्या बारा फुल्यांवर बारा बरोबरच्या खुणा केल्या आणि शितलने प्रत्येकीखाली सही केली. माझ्या पाठीवर आता पांढरी चिकटपट्टी आहे, हर्षदाच्या अक्षरातली. 'आधी तोंड मिटवून बघा. ०.१० वजा करा.' खाली शितलने लिहिलंय, 'पाडला: शितल, पहिला आठवडा.' कंपनीतल्या मऊ कापडापेक्षा ही पट्टी मला जास्त आवडते.

खुटबावला हर्षदा गेली, पण मेच्या सुट्टीपुरती. येताना माझ्यासाठी झेंडूची एक पाकळी घेऊन आली. आता ती दहावीत आहे आणि शनिवारी नववीच्या नव्या मुलींना मला कसं धरायचं ते शिकवते. सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी तिने माझं तोंड मिटवलं आणि त्या उजेडाच्या फटीत पाकळी सरकवून पाहिली. ती अलगद अडकली. त्या दिवशी पहिल्यांदाच मला माझ्यात खोट असल्याची लाज वाटली नाही.

मित्रांनो, शाळेतली हत्यारं वापरून झाली की पुसून डबीत ठेवा. पडलं एखादं, तर लपवू नका, सांगा. आणि तुमच्या शाळेत कुणी मोठं माणूस आलं, त्याने आपलं यश सांगून संपवलं, की हात वर करा आणि नम्रपणे विचारा, "काका, मावशी, तुमच्या हातून काय पडलं होतं?"