फोटोपेक्षा सरस

गिऱ्हाइकाची शाबासकी आली की चिमी ती मोठ्यानं वाचायची आणि तिचा दादा चाकावर आणखी वाकायचा.

"दादा, ऐक ना. 'फोटो पाहताच जीव जडला.'"

"फोटोवर जडला ना? मग फोटोच पाठव."

कामाची खोली एकच. खिडकीच्या एका बाजूला दादाचं पॉलिशचं चाक, दुसऱ्या बाजूला धाकट्या बहिणीचं टेबल. त्यावर पांढरा कागद, दिवे, मोबाइलचा स्टँड. दादानं रत्नं घासायची, चिमीनं फोटो काढून इंटरनेटवर विकायची, ही वाटणी त्यानंच केलेली. ती रांगत होती तेव्हापासून तो चाकावर बसत होता, आणि आता जो तो विचारी, फोटो कुणी काढले? मत्सर मोठा विचित्र, बाबांनो. देवापुढे हात जोडले तरी एक डोळा शेजाऱ्याच्या ओंजळीवरच.

त्यातच एक ओपल विकला गेला. दुधी दगड, पण जरा हलवला की आत हिरव्या ठिणग्या, आणि कडेला एकच लाल. एका बाईंनी तो आईसाठी घेतला होता. 'हाच हवा,' त्यांनी लिहिलं होतं, 'त्या लाल ठिणगीवर आई भाळली आहे.'

"ती ठिणगी पकडताना दिवा हलवून हलवून हात भरून आले माझे," चिमी म्हणाली.

"ठिणगी दगडात आहे. दिव्यात नाही."

"अहो, दगडालाच विचारा ना तो कुणाचा," वहिनी आतून म्हणाली. चिमी खुदकन हसली. दादाच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी चिमी डब्या आणायला बाहेर पडली. ओपल तयारच होता, नुसता बांधायचा होता. दादाला त्यावर केसाएवढा ओरखडा दिसला. निदान दिसला असं त्यानं मनाला पटवलं. खरं म्हणजे डबी उघडताच त्या बाईंनी लिहावं, 'दगड फोटोपेक्षा सरस निघाला', एवढंच त्याला हवं होतं. लाखेनं ओपल काठीवर चिकटवून त्यानं चाक सुरू केलं. ओपलचा रंग सायीसारख्या पातळ थरात असतो, जास्त घासलं की गेला, हे तोच सगळ्यांना शिकवायचा. पण हात चाकावर होता आणि मन त्या बाईंचं वाक्य जुळवत होतं.

पुसून पाहिला तर दगड आरशासारखा चकाकत होता. कडेची लाल ठिणगी मात्र नव्हती.

चिमी आली तेव्हा ओपल तिच्या कागदावर ठेवलेला होता.

"विकलेला दगड घासलास? का रे?"

"ओरखडा होता."

"मी मोबाइलवर मोठा करून पाहिला होता, दादा. नव्हता."

"तुझ्या फोटोपेक्षा चांगला करायचा होता."

चिमी हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. ओपल दिव्याखाली धरून तिनं कडेकडेनं फिरवून पाहिला.

"जाऊ दे. तसाच पाठवू. बाई काही बोलल्याच तर सांगू, फोटोत रंग जरा जास्त आला. बोल मला लागेल, तुझं काम शाबूत राहील."

दादाच्या मनात काहीतरी आनंदानं उडी मारून गेलं. फोटो खोटा, दगड खरा! कधीपासून हेच तर ऐकायचं होतं. त्या उडीचीच त्याला भीती वाटली. समोर पोर त्याच्यासाठी स्वतःच्या डोक्यावर खापर घ्यायला निघाली होती, आणि तो मनातल्या मनात सुखावत होता.

"दिवा सरळ लाव," तो म्हणाला. "कड नीट दिसू दे. आणि बाईंना लिही, भावानं घासून ठिणगी घालवली. नको असेल तर नका घेऊ."

"खरंच लिहू? तू घासलेले दगड कुणी घेईल का मग?"

"लिही, चिमे."

तिनं फोटो काढला. दादा मागून वाकून पाहू लागला. ठिणगी गेलेला तो दगडही पडद्यावर असा दिसत होता की बघतच राहावं. पुन्हा तोच मत्सर डंखला, अगदी कालच्यासारखा.

"सुंदर आलाय," तो म्हणाला. एवढे दोन शब्द बाहेर काढायला त्याला अख्खा दगड घासण्याएवढी ताकद लागली.